जबड्यात पीआरपी घेऊ का? आधी तोंड किती मिलिमीटर उघडतं ते मोजा

पत्र: मी ४१ वर्षांची शिक्षिका आहे, सांगली जिल्ह्यात राहते. वर्षभर उजव्या कानापुढे दुखतं. भाकरी चावताना जास्त, आणि सलग चार तास शिकवलं की संध्याकाळी कानशीलही ठणकतं. आधी तोंड उघडताना कट्ट असा आवाज यायचा. दोन महिन्यांपूर्वी तो आपोआप बंद झाला, म्हणून बरं वाटलं होतं. पण तेव्हापासून तोंड नीट उघडत नाही, जेमतेम दोन बोटं जातात. एका क्लिनिकमध्ये ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) काढून सांगितलं की सांधा झिजलाय. दोन्ही बाजूंना पीआरपीची तीन-तीन इंजेक्शनं घ्या, तुमच्याच रक्ताचं औषध आहे, साइड इफेक्ट नाही, कूर्चा (सांध्यातल्या हाडांवरचं गुळगुळीत आवरण) पुन्हा भरून येते. वर ‘स्टेम सेल बूस्टर’ वेगळा. पैसे आगाऊ भरले तर सवलत आहे. संधिवाताच्या ‘बायोलॉजिक’ इंजेक्शनांबद्दल वाचलं होतं, हे तेच का? मे महिन्याच्या सुट्टीत उरकून घेऊ का?
— एक वाचक

उत्तर: नमस्कार. आगाऊ पैसे भरू नका. पीआरपी वाईट आहे म्हणून हे सांगत नाही. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्या पॅकेजमध्ये कुठेच दिसत नाही, म्हणून सांगतोय. ती गोष्ट म्हणजे बंद झालेला आवाज.

जबड्याच्या सांध्यात खालच्या हाडाची गाठ आणि कवटीची खोबण यांच्यामध्ये एक चकती असते. ती पुढे सरकली की तोंड उघडताना हाडाची गाठ तिच्याखाली उडी मारून जाते आणि कट्ट आवाज येतो. म्हणजे आवाज येतो तोवर चकती निदान जागेवर परत तरी येत असते. चकती पुढेच अडकून राहिली की उडी बंद आणि आवाजही बंद, पण मग गाठीची वाट अडते आणि तोंड कमी उघडतं. आवाज थांबणं आणि तोंड आवळणं एकाच सुमारास झालं असेल तर पहिला संशय याच अडकलेल्या सांध्याचा घ्यायचा. पत्रावरून निदान होत नाही. पण डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगायची गोष्ट हीच. ‘वर्षभर दुखतंय’ एवढंच सांगितलंत तर समोरचा माणूस झिजेच्या वाटेने जातो.

आता घरच्या घरी दोन-तीन गोष्टी बघून ठेवा. आरशासमोर बसा आणि मुलांच्या कंपासमधली प्लास्टिकची पट्टी घ्या. दुखणार नाही इतपत तोंड उघडून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर मोजा, मग दुखलं तरी जितकं उघडेल तितकं उघडून पुन्हा मोजा. दोन्ही आकडे तारखेसह लिहा. पट्टीचा शून्य बहुतेक वेळा कडेपासून थोडा आत असतो, तेवढं आकड्यात मिळवायला विसरू नका. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ४० ते ५० मिमी उघडतं. ३५च्या खाली आकडा असेल तर ते कमी. दोन बोटं म्हणजे ढोबळमानाने ३० मिमी.

उघडताना हनुवटी कुठे जाते तेही पाहा. उजव्या सांध्यातली वाट अडली असेल तर डावी बाजू पुढे सरकते, उजवी सरकत नाही, आणि हनुवटी उजवीकडे वळून तिथेच राहते. आवाजाच्या दिवसांत ती वळून पुन्हा मध्यावर यायची. आणखी एक: कापसाची घट्ट गुंडाळी डाव्या दाढांत धरून हळू चावा. डावीकडे चावल्यावर उजव्या कानापुढे दुखलं, आणि गुंडाळी उजव्या दाढांत धरल्यावर तेच दुखणं कमी झालं, तर बोट सांध्याकडे जातं, कारण एका बाजूला काही चावलं की भार विरुद्ध बाजूच्या सांध्यावर जास्त येतो. दोन्ही वेळा गालातच दुखलं तर स्नायूचा संशय. ही चाचणी पक्की नाही, फक्त दिशा दाखवते.

स्नायूचा मुद्दा बाजूला ठेवू नका. कानशील ठणकणं, दिवसभर बोलून संध्याकाळी वाढणं, हे चावण्याच्या स्नायूंचं लक्षण आहे. जबड्याच्या जुनाट दुखण्यात स्नायू आणि सांधा दोघेही दोषी असणं नेहमीचं आहे. सांध्यात टोचलेलं कुठलंही औषध स्नायूचं दुखणं घालवत नाही. कितीतरी लोकांची इंजेक्शनं ‘लागू पडत नाहीत’ ती याच कारणाने: औषध बरोबर असतं, जागा चुकते. हे वेगळं करायची सोपी रीत सर्जनकडे असते. कानापुढून जाणारी सांध्याची नस साधारण १ मिली लिग्नोकेनने बधिर करायची आणि दहा मिनिटं थांबायचं. दुखणं जवळजवळ गेलं तर ते सांध्यातून येतंय. अर्धंच गेलं तर उरलेलं अर्धं दुसरीकडचं आहे. महागडं काही टोचून घेण्याआधी ही चाचणी मागा.

ओपीजीवर चकती दिसतच नाही. दिसतात ती हाडं, तीही ढोबळ. हाडाची झीज नीट पाहायची तर सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन), आणि चकती पाहायची तर एमआरआय, तोही तोंड मिटून आणि उघडून अशा दोन्ही स्थितींत. पण एमआरआयचा रिपोर्ट वाचून घाबरू नका. ज्यांना काहीच दुखत नाही अशा लोकांमध्येही साधारण एक तृतीयांशांची चकती सरकलेली आढळते. उपचार चित्रावर नाही, दुखण्यावर आणि मिलिमीटरवर ठरतो.

सुपारी, मावा, गुटखा यांचा उल्लेख पत्रात नाही. तरी विचारावं लागतं, कारण आपल्याकडे तोंड कमी उघडण्यामागे सुपारीने गालाच्या आतली त्वचा कडक होणं हेही मोठं कारण आहे. तिखट लागताना आग होत असेल, गालाच्या आत पांढुरके, दोरीसारखे पट्टे हाताला लागत असतील, तर प्रश्न सांध्याचा नाही आणि पीआरपीचा तर नाहीच.

आता तुमच्या शब्दांच्या गोंधळाकडे. संधिवातात ‘बायोलॉजिक’ म्हणतात ती इंजेक्शनं वेगळी. अ‍ॅडालिम्युमॅब, इन्फ्लिक्सिमॅब यांसारखी ही कारखान्यात तयार केलेली प्रथिनं त्वचेखाली किंवा शिरेतून देतात आणि ती साऱ्या शरीराची दाहक प्रतिक्रिया दाबतात. देण्याआधी क्षयाची तपासणी लागते. सकाळी बोटांचे सांधे तासभर आखडत असतील, इतर सांधे सुजत असतील, तर संधिवाततज्ज्ञ ती ठरवतील आणि जबड्यालाही त्यांचा फायदा होईल. जबड्याच्या क्लिनिकमध्ये ‘बायोलॉजिक’ म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक वेळा पेशंटच्याच रक्तापासूनचं काहीतरी असतं: पीआरपी, आय-पीआरएफ, किंवा साधं रक्त.

त्यात साध्या रक्ताचा प्रकार नीट समजून घ्या, कारण त्याचा हेतू अगदी उलटा आहे. ज्यांचा जबडा जांभई देताना वारंवार निसटतो त्यांच्या सांध्यात शिरेतून काढलेलं रक्त तसंच टोचतात, साधारण २ मिली आत आणि १ मिली भोवती. त्यातून आत व्रणासारखी ऊती तयार व्हावी आणि हालचाल आवळली जावी, हाच उद्देश असतो. नंतर काही दिवस जबडा बांधूनही ठेवतात. तुमचं तोंड आधीच आवळलेलं आहे. ‘रक्ताचं इंजेक्शन’ या एका शब्दाखाली दोन्ही गोष्टी येतात, म्हणून संमतीपत्रावर काय टोचणार त्याचं पूर्ण नाव असल्याशिवाय सही करू नका.

पीआरपीत रक्त फिरवून बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, एका थोड्या द्रवात गोळा करतात. तोंड-जबड्याच्या शस्त्रक्रियेत ते १९९८च्या सुमारास हाडाच्या कलमासाठी गाजलं, सांध्यासाठी त्यानंतर. रक्ताच्या दर मायक्रोलिटरमध्ये बिंबिका साधारण दीड ते साडेचार लाख असतात. पीआरपीत त्या तिप्पट ते पाचपट व्हाव्यात अशी अपेक्षा. त्यांतून वाढीचे घटक सुटतात आणि दाह शमायला, ऊती सावरायला मदत होते, असा त्यामागचा विचार. २० मिली रक्तातून दोनदा फिरवून साधारण २ मिली पीआरपी मिळतं. आय-पीआरएफमध्ये रक्त गोठू न देणारं रसायन घालत नाहीत. प्लास्टिकच्या साध्या नळीत रक्त घेऊन ३ मिनिटं हळू फिरवतात आणि वरचा केशरी-पिवळा द्रव लगेच टोचतात, कारण पंधरा-वीस मिनिटांत तो जेलीसारखा गोठतो. रक्त काढून, नळी टेबलावर ठेवून, मधे दुसरा पेशंट बघून मग टोचायला आले, तर सुईतून काही बाहेर येणार नाही.

इथे क्लिनिकचं काम कुठे फसतं ते सांगतो. ‘७०० आरपीएमवर (मिनिटाला ७०० फेरे) फिरवलं’ एवढ्याने काही कळत नाही. खरं महत्त्व बलाला, आणि ते यंत्राच्या त्रिज्येवर अवलंबून असतं. ११ सेंमी त्रिज्येच्या यंत्रात ७०० आरपीएमला साधारण ६० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या साठपट, बल येतं. ८ सेंमीच्या छोट्या यंत्रात तेच ४४ जी. पाककृती तीच, पदार्थ वेगळा. दुसरं म्हणजे नळ्या. लॅबमध्ये तपासणीसाठी रक्त घेतात त्या नळ्या, विशेषतः जेल किंवा गोठवणारी पावडर असलेल्या, शरीरात परत टोचायच्या द्रवासाठी बनवलेल्या नसतात. बंद, निर्जंतुक किट वापरतात का, पाकीट तुमच्यासमोर फोडतात का, हे विचारायला संकोच कशाला? तिसरं, रंग. पीआरपी पेंढ्यासारखं पिवळं असायला हवं. लालसर दिसलं तर तांबड्या पेशी उतरल्या आहेत, आणि त्यांतलं लोह सांध्याच्या अस्तराला चीड आणतं. नीट काम करणारी व्यक्ती असं भरलेलं सिरिंज बाजूला ठेवून पुन्हा रक्त घेते.

मात्रा हा तर सगळ्यात सोपा निकष आहे. जबड्याच्या सांध्याचा वरचा कप्पा जेमतेम १ मिलीच्या आसपास द्रव धरतो, खालचा त्याहून कमी. गुडघा नव्हे तो. ‘प्रत्येक सांध्यात ३ मिली देतो’ असं कुणी म्हणालं तर उरलेले दोन मिली गालाच्या मांसात जाणार आहेत. सुई आत गेली हे कसं ओळखता, असंही विचारा. ठोस उत्तरं अशी असतात: थोडं सलाइन आत सोडलं की खालचा जबडा किंचित हलतो, सोडलेलं पाणी सिरिंजमध्ये परत खेचता येतं, किंवा सोनोग्राफीवर सुई दिसते. ‘अनुभवाने कळतं’ हे उत्तर अपुरं आहे. केस किंवा चेहऱ्यासाठी पीआरपी देणाऱ्या ठिकाणी जबड्याचा सांधा करून घेऊ नका. हे काम मॅक्सिलोफेशियल, म्हणजे तोंड-जबड्याच्या, सर्जनचं.

फायदा किती? ज्यांचा सांधा आधी सुईने पाणी सोडून धुतला (ही रीत पुढे सांगितली आहे) आणि मग पीआरपी किंवा आय-पीआरएफ टोचलं, त्यांच्यात नुसतं धुण्यापेक्षा दुखणं थोडं जास्त कमी झालं असं काही चाचण्यांत दिसतं, काहींत फारसा फरक दिसत नाही. हायल्युरोनिक आम्लाच्या (सांध्याच्या वंगणासारखं औषध) इंजेक्शनपेक्षा पीआरपी ठामपणे सरस असल्याचं चित्र नाही. प्रत्येक चाचणीत तयार करायची रीत, मात्रा, किती वेळा टोचलं, सगळं वेगळं. त्यामुळे ‘तीन’ हा आकडा शास्त्राने ठरवलेला नाही, पॅकेजने ठरवला आहे. आणि कूर्चा पुन्हा भरून येते हे विधान सोडून द्या. दुखणं कमी होणं आणि ऊती नव्याने उगवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पीआरपीने चकती जागेवर परत येत नाही.

ब्रिटिश मेडिकल जर्नलने डिसेंबर २०२३ मध्ये जबड्याच्या जुनाट दुखण्यावर मार्गदर्शक शिफारशी छापल्या. ठाम पाठिंबा मिळाला तो देखरेखीखाली जबड्याचा व्यायाम आणि ताण, हाताने केलेली सांध्याची हालचाल, स्नायूंच्या दुखऱ्या गाठींवर हाताने केलेले उपचार, मान-खांद्यांच्या ठेवणीचे व्यायाम, आणि विचार-वर्तन उपचार यांना. हायल्युरोनिक आम्ल, स्टिरॉइड, बोटॉक्स, एवढंच काय सांधा धुणं आणि रात्री दातांवर बसवायची प्लास्टिकची पट्टी (स्प्लिंट) यांनाही ‘शक्यतो नको’च्या बाजूला टाकलं गेलं. चाव्यात कायमचे बदल करणाऱ्या पट्ट्या आणि चकती काढून टाकण्याची शस्त्रक्रिया यांना तर ठाम नकार. आमचं मत यात एका जागी थोडं वेगळं आहे. त्या शिफारशी तीन महिने किंवा जास्त चाललेल्या दुखण्याबद्दल आहेत. नुकत्याच अडकलेल्या सांध्यात मुख्य अडचण हालचालीची असते, आणि तिथे धुण्याचा विचार लवकर करण्यात अर्थ आहे.

धुणं म्हणजे आर्थ्रोसेंटेसिस. १९९१ साली डॉरिट निट्झन आणि सहकाऱ्यांनी नेमक्या तुमच्यासारख्या अडकलेल्या, न उघडणाऱ्या जबड्यासाठी ही रीत मांडली. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून कानाच्या भोकापुढच्या छोट्या उंचवट्याच्या मध्यापर्यंत पेनने रेघ काढतात. त्या उंचवट्यापासून १० मिमी पुढे आणि रेघेखाली २ मिमी ही पहिली सुई. २० मिमी पुढे आणि १० मिमी खाली ही दुसरी. भूल बहुतेक वेळा फक्त त्या जागेची. एका सुईने रिंगर लॅक्टेट (सलाइनसारखं क्षारांचं पाणी) आत सोडतात, दुसरीतून ते थेंबथेंब, मग धारेने बाहेर येतं. साधारण १०० मिली, काही जण जास्त वापरतात. पाणी अडलं तर दुसरी सुई किंचित फिरवतात. मधूनमधून जबडा हलवून ताणतात. शेवटी एक सुई काढतात, आणि औषध टोचायचं असेल तर उरलेल्या सुईतून १ मिली. सगळा प्रकार अर्ध्या-पाऊण तासाचा.

यानेही चकती सहसा मूळ जागी परत जात नाही, तरी तोंड उघडतं. कारण चकती खोबणीला जी चिकटून बसलेली असते, ती पाण्याच्या दाबाने सुटते, आणि दाह वाढवणारे पदार्थ वाहून जातात. पीआरपीची बाजू मांडताना हेच विसरलं जातं: न धुतलेल्या, अडकलेल्या सांध्यात वरून १ मिली टोचून ती पकड सुटत नाही.

मग आम्ही तुमच्या जागी काय केलं असतं? येत्या आठवड्यात मॅक्सिलोफेशियल सर्जनला दाखवलं असतं, मिलिमीटरचे आकडे आणि आवाज कधी थांबला ती तारीख घेऊन. खासगीत नको असेल तर जवळच्या दंत महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जा. सरकारी दंत महाविद्यालयं मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला आहेत, मुंबईत नायर रुग्णालयाचंही आहे. सर्जन बोटांनी तोंड थोडं आणखी उघडून पाहतील. दाबल्यावर पाचेक मिमी सैल होत असेल तर आवळलेपण स्नायूचं. खट्टकन अडलं तर सांध्याचं. सांधाच अडकला असेल तर पहिल्या काही आठवड्यांत हाताने सोडवून पाहता येतं, दोन महिन्यांनी ते क्वचितच जमतं, तरी प्रयत्न करायला हरकत नसते.

त्यानंतर चार ते सहा आठवडे व्यायाम, मनापासून. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टाळूला टेकवा, ओठ मिटलेले, दात सुटे. शिकवत नसाल तेव्हा जबड्याची हीच ठेवण. दात दिवसात जेवताना सोडून एकमेकांना लागायलाच नकोत. बहुतेकांना आपण ते दाबून धरतो हे माहीतही नसतं. जीभ टाळूलाच ठेवून हळूहळू तोंड उघडा-मिटा, सहा वेळा, दिवसातून सहा बैठका. गरम पाण्याच्या पिशवीने गाल पंधरा मिनिटं शेकल्यावर अंगठा वरच्या दातांवर आणि तर्जनी खालच्या दातांवर कात्रीसारखी ठेवून हलका ताण द्या, ३० सेकंद धरा, चार-पाच वेळा. ताण जाणवावा, कळ येऊ नये. कळ येईपर्यंत ओढलंत तर स्नायू उलट आवळतो, आणि हीच चूक लोक सर्रास करतात. कडक भाकरी दुधात किंवा आमटीत भिजवून, मऊ भात, उसळ चालेल; चिक्की, ऊस, भाजलेलं कणीस, च्युइंगगम बंद. जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरा. वर्गात शक्य असेल तर माइक वापरा. दर आठवड्याला पट्टीने मोजा.

आकडा ३५ ओलांडून वर चढत असेल तर सुई नकोच. सहा आठवड्यांनीही ३० ते ३२वरच अडकलेला असेल आणि नस बधिर केल्यावर दुखणं जात असेल, तर उजवा सांधा धुऊन घ्या. उजवाच. डावीकडे न दुखणाऱ्या सांध्यात सुई घालायचं कारण आम्हाला दिसत नाही. त्याच वेळी शेवटी १ मिली पीआरपी किंवा आय-पीआरएफ टोचायला सर्जन सुचवत असतील, खर्च परवडत असेल आणि रीत वर सांगितल्यासारखी असेल, तर आमची हरकत नाही. एकदाच घ्या. चार ते सहा आठवड्यांनी मिलिमीटर आणि चावतानाचं दुखणं, शून्य ते दहात, पुन्हा लिहा. दुखणं निदान तीसेक टक्के उतरलं असेल तरच दुसऱ्यांदा विचार करा. नसेल उतरलं तर तेच पुन्हा टोचून उपयोग नाही, निदानाकडे परत जायचं. वारंवार स्टिरॉइड टोचून घेणं मात्र टाळा; त्याने हाडाची गाठ झिजू शकते.

घेणार असाल तर आधीची तयारी: रक्तातील बिंबिकांची मोजणी आणि हिमोग्लोबिन. नुकताच डेंग्यू होऊन गेला असेल तर मोजणी पूर्ववत होईपर्यंत थांबा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या सहसा आठवडाभर आधी बंद करतात आणि नंतरही एक-दोन आठवडे टाळतात, कारण त्या बिंबिकांचं काम दाबतात; दुखलं तर पॅरासिटामॉल. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायची नाही. अंगात ताप, दाताला पू, गरोदरपण किंवा कर्करोगाचे उपचार चालू असताना पीआरपी घेऊ नये.

‘साइड इफेक्ट नाही’ हेही खरं नाही. पहिले दोन-तीन दिवस दुखणं वाढतं. सांध्यात द्रव भरल्याने त्या बाजूच्या दाढा एखादा दिवस नीट भिडत नाहीत. धुतलेलं पाणी बाहेर झिरपून गाल सुजतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. भुलीचा परिणाम चेहऱ्याच्या नसेवर झाला तर काही तास डोळा मिटत नाही. तोवर डोळा मिटवून त्यावर चिकटपट्टी लावून घ्यावी, आणि त्या दिवशी स्वतः गाडी चालवत घरी जाऊ नये. तिथून रक्तवाहिनी जाते, निळं पडू शकतं. तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढत गेली, ताप आला, कानातून काही आलं, तर त्याच दिवशी परत जा. आणि दुसऱ्याच दिवसापासून व्यायाम सुरू. धुऊन झाल्यावर दुखतं म्हणून तोंड मिटून बसणाऱ्यांचं कमावलेलं उघडणं पुन्हा जातं.

‘स्टेम सेल बूस्टर’ला सरळ नाही म्हणा. पीआरपीत मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, नसतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतलं मूलपेशी प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळं संशोधन, म्हणजे नोंदणीकृत चाचणीतच द्यायचं, आणि चाचणीत त्याचे पैसे पेशंटकडून घ्यायचे नसतात. ‘एक्झोसोम’ (पेशींतून सुटणारे अतिसूक्ष्म कण) म्हणाले तरी उत्तर तेच. अमेरिकेच्या एफडीएने २०१९ मध्येच त्याबद्दल जाहीर इशारा दिला आहे. जबड्याच्या सांध्याने नव्या गोष्टींच्या घाईची किंमत आधी मोजली आहे: १९८०च्या दशकात अमेरिकेत चकतीच्या जागी टेफ्लॉनचे तुकडे बसवले गेले, ते झिजून कणांनी आजूबाजूचं हाड खाल्लं आणि शेवटी ते परत मागवावे लागले.

सुट्टीबद्दल: मे महिना व्यायामासाठी उत्तम, कारण बोलणं कमी होईल. धुणं लागलंच तर त्यालाही सुट्टीची गरज नाही, दोन-तीन दिवसांची रजा पुरते. पण पहिली तपासणी मेपर्यंत लांबवू नका, सांधा जितका जास्त दिवस अडकून राहील तितका सुटायला कठीण.

यातलं काही असेल तर मात्र हा सगळा क्रम सोडून लगेच डॉक्टर गाठा: खालचा ओठ बधिर वाटणं, मानेत गाठ, वजन उतरणं, दाताचा चावा अचानक बदलणं, कानापुढे लाल गरम सूज, किंवा चालताना-जिने चढताना जबडा दुखून थांबल्यावर राहणं, कारण हे शेवटचं दुखणं हृदयाचं असू शकतं. घरात पन्नाशीपुढच्या कुणाला चावताना जबडा भरून येत असेल, जोडीला कानशील दुखत असेल किंवा नजर अंधुक होत असेल, तर त्यांना त्याच दिवशी घेऊन जा. तो कानशिलातल्या रक्तवाहिनीचा दाह असू शकतो आणि उशीर झाला तर दृष्टी जाते.